कात्यायनीच्या बाजूने

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावातल्या व्याख्यानमालेचं शेवटचं पुष्प गुंफायला एक नामवंत व्याख्याते आले होते. विषय होता ‘कोणी कोणाचं नसतं’. हॉल भरलेला, मागे लोक उभे, आणि दीड तासात तीन वेळा कडकडून टाळ्या. ज्या तीन वाक्यांना टाळ्या पडल्या ती तिन्ही वाक्यं माझ्या मते चूक आहेत. शेवटी प्रश्नांसाठी पाच मिनिटं ठेवली होती, तीही व्याख्यात्यांनीच खाल्ली. म्हणून हा लेख.

माझ्याबद्दल दोनच गोष्टी सांगतो. चौतीस वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवलं. वर्गात ‘रामः रामौ रामाः’च्या पुढे फारसं जाता येत नाही, पण घरी उपनिषदं वाचत आलो. आणि गेली सहा वर्षं माझी आई स्मृतिभ्रंशाने आजारी आहे. पहिल्या गोष्टीमुळे व्याख्यात्यांची चूक माझ्या ध्यानात आली, दुसरीमुळे ती गप्प बसून ऐकवली नाही.

आधी त्यांचं म्हणणं नीट मांडतो, नाहीतर म्हणतील मास्तरांनी सोयीचं तेवढं उचललं. पहिलं वाक्य असं: बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आपल्या बायकोला, मैत्रेयीला, सांगतो की नवरा हा नवऱ्यासाठी प्रिय नसतो, आत्म्यासाठी प्रिय असतो, बायको, मुलं, धन, सगळ्याचं तेच. म्हणजे (हे ‘म्हणजे’ व्याख्यात्यांचं) प्रत्येक जण फक्त स्वतःवर प्रेम करतो, आईसुद्धा. हे एकदा कळलं की अपेक्षाच उरत नाही, मग दुःख कुठलं? टाळ्या. दुसरं वाक्य: देह हे कापड आहे, म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या उशाशी बसून जीव टाकणारे लोक कापडासाठी जीव टाकतात, आत्म्याला काही विस्मरण होत नाही. पुन्हा टाळ्या. तिसरं: स्वभावाला औषध नाही. इथे विज्ञानाची साक्ष काढली. अमेरिकेत गेज नावाच्या एका मुकादमाच्या डोक्यातून पहार आरपार गेली आणि सज्जन माणूस क्षणात दुर्जन झाला. तेव्हा स्वभाव ही मेंदूतली ठरलेली गोष्ट, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणून कोणाला बदलायला जाऊ नका, स्वतःलाही नाही. सगळ्यांत मोठ्या टाळ्या इथे पडल्या. माझ्या शेजारचे गृहस्थ तर बायकोकडे बघत वाजवत होते.

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. एक कबुली आधीच देतो: ‘आत्मन्’ हा शब्द संस्कृतात ‘स्वतः’ अशा अगदी साध्या अर्थानेही येतो. तेव्हा व्याख्यात्यांनी काढलेला अर्थ व्याकरणात बसतच नाही, असं मी म्हणणार नाही. पण वाक्य तिथे थांबत नाही. त्याच दमात याज्ञवल्क्य सांगतो की हा आत्मा पाहायचा, ऐकायचा, त्यावर विचार करायचा, ध्यान करायचं. स्वतःच्या स्वार्थाचं ध्यान करायला कोणाला कधी गुरू लागला आहे? पुढे तर तो बजावतो की जो माणूस प्राण्यांना, लोकांना, देवांना आत्म्याहून वेगळं समजतो त्याला ते सगळे सोडून जातात. मग मिठाच्या खड्याचा दृष्टांत येतो: खडा पाण्यात टाकला की विरघळतो, पुन्हा उचलून घेता येत नाही, पण पाणी कुठूनही चाखा, खारटच. ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात भिंत असली तरच ‘स्वतःवरचं प्रेम’ या शब्दांना काही अर्थ. याज्ञवल्क्य ती भिंत पाडायला बसला आहे, आणि आमच्या व्याख्यात्यांनी पडलेल्या विटा गोळा करून स्वतःच्या बंगल्याला कंपाउंड घातलं.

त्यांचे चाहते म्हणतील, उपनिषद राहू द्या, व्यवहारात बघा. आईची सेवा करून तुम्हाला समाधान मिळतं ना? मग तुम्ही समाधानासाठीच करता. हा युक्तिवाद पारावर फार चालतो, कारण तो करणाऱ्याला जागचं उठावं लागत नाही. पण समाधान मिळतं कोणाला? तिला बरं वाटावं असं ज्याला आधीच वाटत होतं, त्यालाच. ज्याला तसं काही वाटत नाही त्याला सेवा करून समाधान मिळत नाही, पाठदुखी मिळते. शिवाय आईला जेवू घातलं तरी स्वार्थ आणि उपाशी ठेवलं तरी स्वार्थ, असा हिशेब असेल तर ‘स्वार्थ’ या शब्दाने माहिती कोणती दिली? मुलं पेपरात प्रत्येक रिकाम्या जागी ‘राम’ लिहीत. एखादं उत्तर बरोबरही यायचं. त्याला आम्ही अभ्यास म्हणत नसू.

आणि समाधान म्हणाल तर पहाटे तीनची गोष्ट सांगतो. आई ओली होते. दिवा लावला की घाबरते, नाही लावला तर आपल्याला दिसत नाही. म्हणून मोबाइलची बॅटरी भिंतीकडे तोंड करून ठेवायची. एकाने तिला कुशीवर धरायचं, दुसऱ्याने चादर आणि तिच्याखालचं रबरी कापड ओढून काढायचं, कोमट पाण्याने पुसायचं, कोरडं करायचं, मांड्यांच्या सांध्यात पावडर, मग नवा डायपर. हे चाललेलं असताना ती ओरडते, चिमटे काढते. एकदा माझ्या कानशिलात लगावली. चौथीतही तिने मला मारलं नव्हतं. त्या वेळी मनात समाधान नावाची कुठलीही गोष्ट नसते. झोप असते, कमरेत कळ असते आणि सकाळी किती चादरी धुवायच्या याचा हिशेब असतो. मला समाधानच हवं असतं तर मी कानात कापूस घालून झोपलो असतो. पहिली दोन वर्षं जवळजवळ तेच केलं, हेही इथे लिहून टाकतो.

कारण पहिली दोन वर्षं उठायची ती ही, माझी बायको. आणि मी? मी शेजारच्या खोलीत बृहदारण्यक काढून बसलो होतो, शांकरभाष्यासह. निवृत्तीनंतर नीट वाचायचं असं किती वर्षं ठरवलं होतं. एका रात्री तिने दारातून डोकावून अत्यंत साध्या आवाजात म्हटलं, “अहो, तुमचं ब्रह्म झालं असेल तर जरा आईंचे पाय धरा.”

पाय धरायला गेलो, आणि दुसऱ्या दिवशी पोथी उघडली तेव्हा इतक्या वेळा वाचलेल्या त्याच संवादात एक बाई पहिल्यांदा दिसली. कात्यायनी.

हा संवाद उपनिषदात दोनदा येतो, दुसऱ्या अध्यायात आणि थोड्या फरकाने चौथ्यात. प्रसंग साधा आहे. याज्ञवल्क्य घर सोडून चालला आहे. त्याला दोन बायका. तो मैत्रेयीला म्हणतो, तुझी आणि कात्यायनीची वाटणी करून देतो. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी मिळाली तरी मी अमर होईन का? तो म्हणतो, नाही. मग ती म्हणते, मग मला जे तुम्हाला माहीत आहे तेच सांगा. यापुढचा उपदेश जगप्रसिद्ध आहे. मैत्रेयीच्या नावाने मुलींची नावं ठेवली गेली, शाळा निघाल्या, मंडळं निघाली. कात्यायनी मात्र अवाक्षर बोलत नाही. चौथ्या अध्यायात दोघींची ओळख करून दिली आहे: मैत्रेयी ब्रह्मवादिनी होती, कात्यायनीला ‘स्त्रीप्रज्ञा’ तेवढी होती. बायकांना असते तेवढी बुद्धी. भाष्यकारांनी त्याचा खुलासा घरातल्या गरजा भागवण्याची बुद्धी असा केला आहे. प्रकरण संपलं.

आता त्या घरात किती काय होतं ते याच उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात वाचा. जनकाने यज्ञात हजार गाई बांधल्या, प्रत्येकीच्या शिंगांना दहा दहा पाद सोनं, आणि म्हणाला, तुमच्यातला जो सर्वांत मोठा ब्रह्मज्ञानी असेल त्याने न्याव्यात. सगळे पंडित एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना याज्ञवल्क्याने शिष्याला सांगितलं, हाक गाई घराकडे. तू काय सर्वश्रेष्ठ आहेस का, असं विचारल्यावर म्हणाला, श्रेष्ठ असेल त्याला आमचा नमस्कार, आम्हाला फक्त गाई हव्या आहेत. मला हा माणूस फार आवडतो, ते या उत्तरामुळे. मग त्याने एकेकाला वादात गप्प केलं, गार्गीला एकदा तुझं डोकं गळून पडेल असंही धमकावलं, तरी तिने पुन्हा उठून आणखी दोन प्रश्न विचारलेच. चौथ्या अध्यायात जनक पुन्हा पुन्हा हजार हजार गाई देऊ करतो. आता मला एवढंच सांगा: त्या गाईंचं शेण कोणी काढलं? पहाटे धारा कोणी काढल्या, वासरं कोणी सोडली, पावसाळ्यात गोठ्यात चिखल झाला तेव्हा कोरडं कुठलं आणून टाकलं? शिष्यांनी, म्हणाल. आणि त्या शिष्यांना जेवायला कोण वाढत होतं? आत्म्यासाठी सगळं प्रिय असतं हे शांतपणे बसून सांगता यावं यासाठी कोणीतरी पलीकडच्या खोलीत उभं असावं लागतं. ‘स्त्रीप्रज्ञा’ हा शब्द वाचून मी चाळीस वर्षं पुढे गेलो होतो. त्या रात्रीनंतर तो घशात अडकला.

आपण मराठी माणसांनीही हेच केलं आहे. तुकोबांच्या आवलीला आपण कर्कशा ठरवलं. थोरल्या रखमाबाई आणि त्यांचा मुलगा दुष्काळात गेले, दुकान बसलं, वह्या इंद्रायणीत गेल्या, आणि उरलेल्या मुलाबाळांच्या पोटात काय घालायचं ही काळजी एकट्या आवलीच्या डोक्यावर. ती विठ्ठलाला शिव्या घालायची आणि भाकरी बांधून भंडाऱ्याच्या डोंगरावर नवऱ्याला शोधत जायची. लोककथेने मात्र तिला न्याय दिला: तिच्या पायात काटा रुतला तो काढायला विठ्ठल स्वतः आला असं कथा सांगते. तुकोबांच्या नव्हे, आवलीच्या पायातला. ज्याने कोणी ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याला व्याख्यात्यांहून जास्त कळत होतं.

हे वाचून याज्ञवल्क्याला झोडपतोय असं वाटेल. तसं नाही. माझं म्हणणं उलट आहे: व्याख्यात्यांना हवा तेवढाच याज्ञवल्क्य त्यांनी घेतला. पहिल्या अध्यायात याच याज्ञवल्क्याच्या नावावर एक म्हणणं आहे की माणूस एकटा असताना फोडलेल्या दाण्याच्या अर्ध्या डाळीसारखा असतो आणि ती रिकामी जागा बायकोने भरते. आणि जनकाला गाढ झोपेतल्या आत्म्याची अवस्था समजावून सांगताना, जिथे बाहेरचं-आतलं काही कळत नाही त्या अवस्थेसाठी, त्याने दृष्टांत कोणता घेतला? आवडत्या बायकोच्या मिठीत असलेल्या पुरुषाचा. जिला ‘कापड’ म्हणून बाजूला सारायचं तिच्याच मिठीचा आधार घेतल्याशिवाय आत्मा सांगता आला नाही. आपल्या ज्ञानेश्वरांनी तर अमृतानुभवाची सुरुवातच शिव आणि शक्ती या जोडप्यापासून केली. अद्वैत सांगायचं आणि नवरा-बायकोच्या वर्णनाने सुरुवात करायची, हे त्यांना मुळीच विसंगत वाटलं नाही. प्रेम हा मोह आणि आत्मा हे सत्य, अशी सरळ वाटणी करणारे बहुधा दोन्हींपैकी एकाच्याही वाटेला गेलेले नसतात.

आता कापड. ही प्रतिमा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली. ती कुठे सांगितली आहे हे कोणी विचारत नाही. समोर सैन्य उभं आहे, अर्जुनाने धनुष्य खाली टाकलं आहे, त्याला लढायला उभं करायचं आहे. आजाऱ्याच्या खाटेशी बसलेल्या मुलीला उठवून घरी पाठवायला ती सांगितलेली नाही. आणि कापडाची उपमा द्यायचीच असेल तर आपल्याकडे जुन्या कापडाचं काय करतात ते तरी आठवावं. आजीचं नऊवारी लुगडं विरलं की टाकून देत नाहीत, त्याची गोधडी होते. त्यातलाही मऊ भाग काढून बाळाचं दुपटं होतं. नव्या कापडाला ती ऊब येत नाही. फेकायचं कापड हे बाजारातलं कापड.

माझी आई मला ओळखत नाही. मला ती ‘अण्णा’ म्हणते. अण्णा म्हणजे तिचे थोरले भाऊ, जाऊन वीस वर्षं झाली. सकाळी काय खाल्लं ते दहा मिनिटांत विसरते. पण दुपारी चार वाजता तिच्यापुढे कापसाची पेळू आणि वाटीत चमचाभर दूध ठेवलं की बोटं चालायला लागतात. कापूस चिमटीत घेऊन तंतू मोकळे करते, सरकी राहिली असेल तर नखाने काढते, बोटाला दूध लावून फुलवातीचं टोक पिळते. एखादी बसकी झाली तर नाक मुरडून बाजूला टाकते. एकदा मी तिने टाकलेली एक वात उचलून चांगल्यांत ठेवली. तिने न बोलता ती पुन्हा काढली. डॉक्टर सांगतात की या आजारात नवी आठवण आधी जाते आणि हाताला लागलेलं वळण बराच काळ टिकतं. असेल. मला त्या बाजूला टाकलेल्या वातीत माझी आई दिसते. गचाळ कामाचा आयुष्यभर तिटकारा असलेली, माझ्या वहीतलं वाकडं अक्षर खोडून पुन्हा काढायला लावणारी.

आत्मा आहे की नाही यावर मी वाद घालणार नाही. पण ज्याला आठवण नाही, राग नाही, आवड नाही, बोटं नाहीत, असा जो आत्मा व्याख्याते मला प्रेमासाठी सुचवतात, तो माझ्या आईचा कशावरून? तो जितका तिचा तितकाच शेजारच्यांचा आणि तितकाच व्याख्यात्यांचा. त्याला नमस्कार करता येईल, त्याचं चिंतन करता येईल. त्याचे केस विंचरता येणार नाहीत. प्रेमाला हेच माणूस लागतं, दुसरं चालत नाही. मैत्रेयीलाही हे जाणवलं असावं. गेल्यावर मग ‘हा अमुक’ अशी जाणीव उरत नाही, असं याज्ञवल्क्य म्हणाला तेव्हा ती म्हणते, तुम्ही मला गोंधळात टाकलंत. सगळ्या संवादात मला सगळ्यांत खरी वाटते ती ही जागा. व्याख्यानात मैत्रेयीच्या नावाने अर्धा तास गेला, पण तिचा गोंधळ आला नाही.

तिसरं वाक्य सगळ्यांत लोकप्रिय, म्हणून सगळ्यांत घातक. आईच्या आजाराच्या दुसऱ्या वर्षी ती शिव्या देऊ लागली. जन्मात तिच्या तोंडी न आलेल्या. भेटायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी ओठ आवळून हिला म्हटलं, “आता खरा स्वभाव बाहेर आला बघा.” हे वाक्य किती घरांत म्हटलं जात असेल! आयुष्यभर जो राग गिळला तो खोटा आणि मेंदू झिजल्यावर जो बाहेर पडला तो खरा? मग ब्रेक निकामी झालेली एसटी उतारावरून घसरली की म्हणा, हाच हिचा खरा वेग. राग प्रत्येकात असतो. तो आल्यावर माणूस काय करतो, त्याला स्वभाव म्हणायचं. माझ्या आईने सत्तर वर्षं तो राग गिळून चार माणसांचं घर चालवलं, तो तिचा स्वभाव. सहा वर्षांच्या आजाराने तो पुसला जात नाही.

आणि गेज. व्याख्यात्यांनी त्याची गोष्ट मध्येच सोडली, म्हणून पुढची सांगतो. फिनिआस गेज हा व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम. १३ सप्टेंबर १८४८ला सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोंची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. हार्लो यांनी वीस वर्षांनी लिहिलं की तो लहरी, शिवराळ झाला, ओळखीच्यांना हा आपला गेज वाटेना. व्याख्यान इथे थांबलं, पण गेज इथे थांबला नाही. १८५२च्या सुमारास तो चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं वालपराइसो ते सांतियागो या रस्त्यावर घोड्यांची प्रवासी गाडी हाकत होता. पहाटे उठायचं, घोडे जुंपायचे, परक्या भाषेतल्या उतारूंशी बोलायचं, डोंगरातल्या वाटेवर लगाम सांभाळायचा. लहरी, बेजबाबदार माणसाच्या हातात वर्षानुवर्षं कोणी घोडे देत नाही. म्हणून आताचे काही अभ्यासक म्हणतात की त्याचं वागणं बरंचसं सावरलं असावं, आणि रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने करायच्या कामाने त्याला सावरलं असावं. १८६०मध्ये झटके येऊन तो गेला. स्वभावाला औषध नाही हे सिद्ध करायला जो माणूस उभा केला, तोच उलट साक्ष देतो.

आणखी एक विसंगती टाळ्यांच्या आवाजात कोणाच्या लक्षात आली नाही. दुसऱ्या वाक्यात माणूस म्हणजे निर्लेप आत्मा. तिसऱ्यात माणूस म्हणजे मेंदूतला मांसाचा तुकडा. एकाच संध्याकाळी दोन्ही कसं? उत्तर सोपं आहे. दोन्हींतून एकच गोष्ट निघते: तुम्ही काही करू नका. आई आजारी? आत्मा निर्लेप आहे, बसा. नवरा मारतो? स्वभावाला औषध नाही, बसा. तिकीट काढून ऐकायला जावं असं तत्त्वज्ञान हेच.

याज्ञवल्क्य असं म्हणत नाही, हे पुन्हा सांगायला हवं. जनकाच्याच सभेत आर्तभाग त्याला विचारतो: माणूस मेल्यावर वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात, मग तो माणूस राहतो कुठे? याज्ञवल्क्य उत्तर सभेत देत नाही. म्हणतो, माझा हात धर, हे लोकांत बोलायचं नाही. दोघे बाजूला जातात. उपनिषद सांगतं की ते जे बोलले ते कर्माबद्दल बोलले: चांगलं करून माणूस चांगला होतो, वाईट करून वाईट. चौथ्या अध्यायात तो पुन्हा तेच सांगतो, जसं करतो-वागतो तसा माणूस होतो. करून होतो, असतो म्हणून करतो, असं नव्हे. हात धरून सांगितलेली ही गोष्ट व्याख्यात्यांच्या दीड तासात एकदाही आली नाही.

वरोऱ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण इथे तिची जागा आहे. आपण कोणाला भीत नाही असं समजणारा एक वकील डोक्यावरून मैला वाहायचं काम स्वतः करत होता. पावसात भिजत पडलेला कुष्ठरोगी तुलशीराम दिसला तेव्हा तोच बाबा आमटे घाबरून घरी पळाला. मग परत गेला. त्याला पावसापासून आडोसा केला, त्याची शुश्रूषा केली. आनंदवन त्यानंतरचं. भीती हा त्यांचा ‘स्वभाव’ आहे असं म्हणून ते घरीच थांबले असते तरी त्यांना कोणी काही म्हटलं नसतं.

माझं सांगायचं तर मी डस्टर फेकून मारणारा मास्तर. माझ्या चिडकेपणाच्या गोष्टी गावात अजून सांगतात, आणि त्यांतल्या बऱ्याच खऱ्या आहेत. पहिल्यांदा आईला धुताना मी तोंड फिरवून धुतलं. लाज वाटत होती आणि किळसही येत होती. दोन-चार महिन्यांनी हात आपोआप चालायला लागले, आणि हात चालायला लागल्यावर राग कमी यायला लागला. आधी प्रेम दाटून आलं आणि मग मी चादर बदलली, असं झालं नाही. चादरी आधी, बाकीचं मागून. संत वगैरे झालेलो नाही. मागच्या मंगळवारी गोळी थुंकली म्हणून तिच्यावर इतका ओरडलो की शेजारची मुलगी खिडकीत आली. पण डस्टर शेवटचं कधी फेकलं ते आता आठवत नाही, आणि ही म्हणते की हे तिने तीस वर्षं सांगून झालं नव्हतं.

व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. पुढच्या वर्षी प्रश्नांची पाच मिनिटं श्रोत्यांकडेच राहू द्या. माझा प्रश्न मी आत्ताच नोंदवून ठेवतो: याज्ञवल्क्य घर सोडून निघून गेला, त्या वाटणीत कात्यायनीच्या वाट्याला काय आलं? मी दोन्ही अध्याय पुन्हा तपासले. ते कुठेच लिहिलेलं नाही.